बंड आणि बंदोबस्त

शंकाकार : २०२५ च्या ऑक्टोबरात मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना नियामक टी पेशींच्या संशोधनाबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि तेव्हापासून ज्यांनी जन्मात कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही असे सद्गृहस्थही धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात येऊन, नियामक पेशी वाढवणारे एखादे औषध मिळते काय, अशी पृच्छा करू लागले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. दोष द्यायचाच तर तो शास्त्राच्या एका जुन्या खोडीला द्यावा लागेल : पेशीची जात ठरली की तिची नियतही ठरली, असे ते धरून चालते. थायमस ग्रंथी ही निरुपयोगी गाठ नसून रोगप्रतिकाराचे उगमस्थान आहे, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले; १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी साहाय्यक टी पेशींच्या दोन जाती सांगितल्या, आणि पुढची वीस वर्षे जगातला यच्चयावत दाह त्या दोन जातींत वाटून देण्यात खर्ची पडली; २००५ मध्ये टीएच-१७ ही तिसरी जात पुढे आली, तेव्हा पहिलीच्या नावावर चढवलेले कित्येक रोग तिथून खारीज करून तिसरीच्या नावावर लावावे लागले. दफ्तरातली ही फेरफार नोंद चालू असताना शिरपूरकडून येणारी माझी एक रुग्ण, जिची बोटे सकाळी उठल्यावर तासभर मिटत नाहीत आणि जिने त्यापायी कापूस वेचायला जाणे सोडले आहे, होती तिथेच आहे. तिच्या बोटांना या जातिनिर्णयाने काय दिले, ते मला सांगा.

प्रतिपादक : डॉक्टरसाहेब, आपण बोटांपासून आरंभ केलात ते बरे झाले; कारण मला ज्या संशोधनाविषयी बोलायचे आहे ते स्टॉकहोमचे नसून पुण्याचे आहे, आणि त्याचा आरंभही हाडांपासूनच झालेला आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत डॉ. मोहन वाणी आणि त्यांचे सहकारी इंटरल्यूकिन-३ या द्रव्याचा अभ्यास करीत आले आहेत. हे द्रव्य मुख्यतः टी पेशीच स्रवतात. हाडाची झीज करणाऱ्या अस्थिभक्षक पेशी रक्तातील ज्या पूर्वज पेशींपासून घडतात, त्यांना इंटरल्यूकिन-३ मध्येच अडवून निराळ्या मार्गाला, म्हणजे भक्षक पेशींच्या कुळाकडे, वळवते, आणि एकदा वळलेली पेशी परत फिरत नाही, हे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. दाहामुळे होणारी हाडांची झीज आणि उंदरांतील संधिदाह हे दोन्ही त्याच द्रव्याने आटोक्यात येतात, हे २००९ मध्ये दाखवले. आणि २०११ मध्ये या कामाला टी पेशींची बाजू जोडली गेली : कृत्रिम रीतीने आमवात जडवलेल्या उंदरांत नियामक टी पेशींची संख्या घटलेली असते, इंटरल्यूकिन-३ दिल्यावर ती भरून निघते, आणि तिच्याबरोबर सांध्यांची सूजही उतरते. आता हे पाहा की, आपल्या रुग्णाच्या बोटांची हाडे कुरतडली जातात ती नुसत्या सुजेने नव्हे. टीएच-१७ पेशींच्या प्रेरणेने अस्थिभक्षक पेशी जागोजाग उभ्या राहतात, आणि एकदा झिजलेले हाड सूज उतरली तरी पूर्ववत होत नाही. सूज आणि झीज यांचा हा संबंध पेशींच्या जाती निवडून काढल्याविना समजलाच नसता. ज्याला आपण फेरफार नोंद म्हणता, तिच्याविना कोणती फिर्याद कोणावर लावायची हेच कळले नसते.

शंकाकार : फिर्याद कोणावर लावायची हे कळले, असे आपण म्हणता, मी म्हणतो की, पूर्वीही अनेकदा ते कळले होते. १९७० मध्ये गर्शन आणि कोंडो यांनी दमनकारी टी पेशींचा सिद्धांत मांडला. त्यावर दहा-बारा वर्षे शेकडो निबंध निघाले, त्या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचा एक घटक सांगितला गेला, त्याच्या जनुकाचे स्थानही मुक्रर झाले. मग ऐंशीच्या दशकात रेणुजीवशास्त्राची साधने हाती आली, आणि त्या ठिकाणी तपास केला तर तिथे तसा जनुकच नाही. सारी इमारत कोसळली, आणि 'दमन' हा विषय काढणेदेखील काही वर्षे अप्रतिष्ठेचे झाले. हा झाला विचारातला प्रमाद. त्याने कोणाचा जीव धोक्यात आला नाही. पण १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात जे घडले ते आठवा. टी पेशींवरील एका ग्राहकाला चेतवणारे एक प्रतिद्रव्य तयार झाले होते, ज्याने प्राण्यांत नियामक पेशी वाढून दाह शमत असे. माकडांना जी मात्रा निर्धोक ठरली होती तिच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी मात्रा सहा निरोगी तरुणांना देण्यात आली, आणि दीड तासाच्या आत सहाही जणांच्या शरीरात दाहाचा असा प्रक्षोभ उसळला की त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने सर्व वाचले. पुढे कारण सापडले : माणसाच्या ज्या अनुभवी टी पेशींवर तो ग्राहक असतो, त्याच जातीच्या पेशींवर प्रयोगातल्या माकडांत तो नसतो. म्हणजे उपद्रव जिथून व्हायचा ती पेशी चाचणीच्या वेळी साक्षीलाच नव्हती. मग आपल्या उंदरांचा निकाल मी माझ्या रुग्णाला कोणत्या आधारावर लागू करू?

प्रतिपादक : तसाच्या तसा लागू करा, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. परंतु आपण दिलेली दोन उदाहरणे एकाच जातीची नाहीत. दमनकारी पेशींचा सिद्धांत कोसळला, कारण त्याच्या मुळाशी दाखवण्याजोगे काही नव्हते. नियामक पेशींचे तसे नाही. साकागुचींनी १९९५ मध्ये त्या पेशी खुणेने वेगळ्या केल्या. ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आपणहून दाहग्रस्त होऊन मरणाऱ्या उंदरांच्या एका वंशात फॉक्स-पी-३ या जनुकाचा दोष दाखवला. आणि तोच दोष मानवी बालकांच्या एका दुर्मीळ, घातक आजारातही आढळला, ज्यात शरीर स्वतःच्या आतड्यांवर, त्वचेवर आणि अंतःस्रावी ग्रंथींवर तुटून पडते. पेशी, जनुक, उंदीर आणि मूल अशा चार साक्षी एकमुखाने बोलल्या आहेत. आता या पेशी येतात कोठून? स्वतःच्या शरीराला ओळखणाऱ्या टी पेशींपैकी पुष्कळशा थायमसमध्येच नष्ट केल्या जातात. परंतु काहींना जीवदान मिळते आणि त्यांनाच पुढे नियमनाचे काम नेमून दिले जाते. आपल्या खानदेशाच्या इतिहासात याला समांतर असा एक दाखला आहे. १८१८ मध्ये कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर सातपुडा आणि सातमाळा पेटले होते. फौजेने ते शांत होईनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि ज्यांच्यावर बंडाचा आरोप होता त्यांच्यातूनच बंदोबस्त करणारे शिपाई भरती केले. बाहेरून आणलेल्या पलटणीला जे साधले नाही ते त्यांना साधले, कारण त्यांना डोंगरातली प्रत्येक वाट ठाऊक होती. नियामक पेशीचे सामर्थ्यही तेच आहे : ज्या ऊतीवर हल्ला व्हायचा, ती ऊती तिला ओळखीची असते.

शंकाकार : प्राध्यापकसाहेब, दाखला चांगला आहे, पण तो आपल्याला वाटतो तितका आपल्या बाजूचा नाही. भिल्ल पेटले होते ते कशासाठी? घाटांची आणि गावांची रखवाली करण्याचे त्यांचे पिढीजात हक्क होते, त्यापोटी मिळणारी वसुली होती; पेंढाऱ्यांच्या आणि अंमलबदलाच्या धामधुमीत ती घडी मोडली. कंपनीच्या दफ्तरात ज्याची नोंद बंड म्हणून झाली, ती डोंगरातल्या माणसाच्या लेखी फिर्याद होती. शरीरातला दाह हाही अनेकदा फिर्यादच असतो. आमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे निपचित कोंडलेले असू शकतात. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. त्या जंतूंभोवती पेशींचे जे कोंडाळे उभे असते, ते दाहाच्याच द्रव्यांच्या बळावर उभे असते. आमवातात सांधे सुजवणारा टीएनएफ नावाचा घटक तिथे तुरुंगाची भिंत सांभाळतो. तो घटक रोखणारे औषध आले, सांधे मोकळे झाले, आणि २००१ मध्ये त्या औषधानंतर उफाळलेल्या क्षयाच्या सत्तर रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. आणि आपल्या शिपायांच्या इमानाचे काय? सेंधव्याच्या घाटाची रखवाली ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक १८५७ मध्ये कंपनीवरच उलटला, आणि आंबापाण्याच्या लढाईपर्यंत त्याने सरकारला स्वस्थता लाभू दिली नाही. मला वाटते, त्याच्या दृष्टीने तो फिरला नव्हता. ज्यांच्यासाठी रखवाली करायची तेच बदलले होते. हेच पेशींच्या बाबतीत २०१४ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी दाखवले. संधिदाहाच्या उंदरांत काही नियामक पेशी फॉक्स-पी-३ टाकून देतात आणि टीएच-१७ बनतात. आणि अशा पालटलेल्या पेशी अस्थिभक्षकांना चेतवण्यात मूळच्या टीएच-१७ पेशींहून अधिक जहाल असतात. तेव्हा नियामक पेशी वाढवा, असे आपण म्हणता, त्या वेळी उद्या कोणत्या बाजूला जाणारे मनुष्यबळ आपण वाढवत आहात, याची हमी कोण देतो?

प्रतिपादक : हमी मी देत नाही, आणि आपण दाखल्याची दुसरी बाजू मांडलीत त्याबद्दल उपकृत आहे, कारण तिच्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता येईल. खानदेशात जी काही शांतता झाली ती एकट्या पलटणीने झाली नाही. त्याच सुमारास कंपनीने भिल्लांना जमिनी, बी-बियाणे आणि तगाई देऊन वसवण्याची तजवीज केली, काहींचे हक्क मान्य केले. ती तजवीज पुरेशी होती की नव्हती, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. शरीरातही नुसत्या शिपायांवर भागत नाही. पुण्याच्या २०११ च्या प्रयोगात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती सहसा कोणी सांगत नाही : इंटरल्यूकिन-३ नियामक पेशींना थेट वाढवत नाही. ते इतर सामान्य टी पेशींकडून इंटरल्यूकिन-२ स्रवून घेते, आणि त्या शिध्यावर नियामक पेशी पोसल्या जातात. म्हणजे दमन करणारे आणि ज्यांचे दमन व्हायचे ते, असे दोन तट तिथे आढळत नाहीत. ज्याच्यावर दाहाचा आळ येतो त्याच वर्गाच्या हातून शमनाची सामग्री येते. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्या उंदरांत इंटरल्यूकिन-१७, टीएनएफ इत्यादी दाहकारक द्रव्ये घटली, पण गामा इंटरफेरॉन वाढले. क्षयाविरुद्ध लढणाऱ्या पेशींचे मुख्य अस्त्र म्हणून ज्याला आपण ओळखता, ते या प्रयोगात शमनकर्त्यांच्या पंक्तीत बसले आहे. आणि स्थानही पाहा : इंटरल्यूकिन-१७ रोखणारी औषधे सोरायसिसमध्ये त्वचा निर्मळ करतात. आतड्याच्या क्रोन-रोगात मात्र तसेच औषध देऊन पाहिले तेव्हा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, लाभ तर नाहीच, उलट काहींचा त्रास वाढला. तेव्हा पेशीची नियत तिच्या जातीवरून ठरते असे शास्त्र मानते, हा आपला पहिला आरोप आजच्या शास्त्राला लागू पडत नाही. जात ही तपासाची पहिली पायरी होती. त्या पायरीवर उभे राहिल्यामुळेच स्थान आणि प्रमाण हे पुढचे प्रश्न दिसू लागले.

शंकाकार : स्थान आणि प्रमाण आपण सांगितलेत, आता काळ मी सांगतो, आणि तो आपल्याच इंटरल्यूकिन-३ च्या बाबतीत. ज्या २००९ मध्ये पुण्याहून हे द्रव्य संधिदाहाला आवरते असा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथून दुसरा एक निबंध आला. प्राणी तोच, उंदीर; रोग उत्पन्न करण्याची रीतही तीच, म्हणजे कूर्चेतील कोलॅजन टोचून; आणि निष्कर्ष असा की, रोगाच्या आरंभकाळी इंटरल्यूकिन-३ ला प्रतिद्रव्याने अडवले तर संधिदाह पुष्कळ सौम्य होतो. एका ठिकाणी द्रव्य दिले म्हणून उंदीर बरे, दुसऱ्या ठिकाणी द्रव्य रोखले म्हणून उंदीर बरे. दोन्ही ठिकाणचे संशोधक प्रामाणिक आहेत असे मी धरून चालतो, आणि म्हणूनच मला अधिक भय वाटते. अप्रामाणिक साक्ष उलटतपासणीत फुटते, पण दोन प्रामाणिक साक्षी परस्परविरुद्ध पडल्या तर निकाल कोणाच्या बाजूने द्यावा?

प्रतिपादक : दोन्ही साक्षी खऱ्या असतील तर त्या एकाच घटनेविषयी नसाव्यात, असा निष्कर्ष न्यायाधीशाने काढावा. रेगेन्सबुर्गच्या निबंधाने स्वतःच 'आरंभकाळ' अशी मर्यादा घातलेली आहे. रोग पेटत असताना जे द्रव्य दाहक पेशींना रसद पुरवते, तेच रोग मुरल्यावर, हाड झिजू लागल्यावर, अस्थिभक्षकांची वाट अडवत असेल आणि नियामकांना पोसत असेल, हे असंभाव्य नाही. मात्रेचा प्रश्नही आहेच. लंडनच्या ज्या प्रतिद्रव्याने सहा जणांना मृत्यूच्या दारात नेले, तेच पुढे कित्येक पटींनी कमी मात्रेत स्वयंसेवकांना दिले गेले, तेव्हा तो प्रक्षोभ झाला नाही आणि शामक द्रव्य मात्र वाढलेले आढळले. एवंच, एखादे द्रव्य हितकर की घातक हा प्रश्न जोवर काळ, स्थान आणि मात्रा यांच्याविना विचारला जातो, तोवर त्याला उत्तर नसते. पण आता एक उलट प्रश्न मी विचारतो, आणि तो आपल्या दवाखान्याचाच आहे. आपल्या रुग्णाला आपल्याकडे येण्यापूर्वी कोठून तरी स्टेरॉइडच्या गोळ्या मिळालेल्या असतात. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, माणूस वर्षभर त्याच गोळीवर राहतो, आणि मग तोंडावर सूज, रक्तात साखर, ठिसूळ हाडे, क्षयाला आमंत्रण. ती गोळी फिर्यादी आणि गुन्हेगार असा भेद करीत नाही. सरसकट सर्वांची तोंडे बंद करते. टी पेशींच्या जाती ओळखण्याच्या खटाटोपाला आपण संशयाने पाहता, तेव्हा पर्याय म्हणून उभा असतो तो निर्भेद दमनाचा अंमल, आणि तो आज, या क्षणी, खानदेशभर चालू आहे.

शंकाकार : हा आघात मला मान्य आहे, आणि त्यात मी आणखी भर घालतो की, आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट, जे मी स्वतः देतो आणि ज्याने माझे पुष्कळ रुग्ण कामाला लागले आहेत, तेही टी पेशींची जात विचारून काम करीत नाही. माझा संशय ज्ञानाविषयी नव्हताच; तो ज्ञानाच्या हस्तांतरणाविषयी आहे, आणि आपल्या बोलण्याने तो कमी होण्याऐवजी नेमका झाला. आपण म्हणता : काळ, स्थान, मात्रा. प्रयोगशाळेतल्या उंदराला कोणत्या दिवशी टोचले ते वहीत लिहिलेले असते, म्हणून त्याचा आरंभकाळ कोणता आणि उत्तरकाळ कोणता हे ठरवता येते. माझ्या रुग्णाचा रोग कोणत्या दिवशी सुरू झाला? ती म्हणेल, दोन पावसाळ्यांमागे अंग दुखले होते. तो आमवाताचा आरंभ होता, की २००६ च्या साथीपासून महाराष्ट्राच्या परिचयाचा झालेला चिकुनगुनिया होता, ज्याने सांधे महिनोन्महिने धरून बसतात, हे आज कोणी सांगू शकत नाही. मधल्या काळात तिने किती स्टेरॉइड घेतले याची चिठ्ठी नाही. तिच्या फुप्फुसात कोंडलेला क्षय असण्याचा संभव तीनात एक. रक्त काढून मी फार तर रक्तातल्या पेशी मोजवून घेईन. पण पेशी पालटतात त्या सांध्यात, आणि सांध्यातले कोणी मोजत नाही. काळ अज्ञात, स्थान अगम्य. राहिली मात्रा, जी या दोहोंवर अवलंबून! आपले शास्त्र ज्या तीन अटींवर खरे आहे, त्या तिन्ही अटी जिथे अपुऱ्या राहतात तिथेच माझा व्यवसाय सुरू होतो.

प्रतिपादक : पण मग त्या अटी पुऱ्या करण्याचे काम कोणाचे? धुळ्यात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून आहे, आणि जळगावातच विद्यापीठ आहे जिथे जीवशास्त्र शिकवले जाते. सांधे धरलेली व्यक्ती पहिल्या महिन्यात दवाखान्यात आली, तिच्या आरंभाची तारीख, आधीच्या गोळ्या, क्षयाची चाचणी आणि रक्ताचा नमुना एवढे जरी वर्षानुवर्षे नीट नोंदले गेले, तरी पुण्याच्या प्रयोगशाळेला आज जो माणूस उपलब्ध नाही तो उपलब्ध होईल. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता एकट्या पुण्याने बांधायचा नाही. त्याचे दुसरे टोक इथे आहे. आणि ते बांधले गेले नाही, तर रस्ता अपुरा राहिल्याचा दोष उंदरांवर टाकता येणार नाही.

शंकाकार : हे आपण योग्य बोललात, आणि त्यातला माझ्या वाट्याचा भाग मी पत्करतो, तारीख लिहून ठेवणे हे काही अवघड काम नव्हे. परंतु यातून दोन गोष्टी सुटत नाहीत, त्या सुटल्या असे आपण मानू नये. पहिली अशी की, ती नोंदवही भरेपर्यंत जी माणसे माझ्यासमोर बसतील, त्यांना मी आजच्या अपुऱ्या ज्ञानावरच औषध देणार आहे, आणि त्यांच्यापुरता आपला रस्ता कायमचा अपुरा आहे. दुसरी अशी की, धुळ्याच्या रुग्णाचे रक्त आणि हकीकत पुण्याला गेली, तिथून निबंध झाला, निबंधावरून परदेशी औषध झाले, आणि ते औषध लाखाच्या किमतीने परत आले, तर शिरपूरच्या त्या बाईने आपले रक्त कोणत्या करारावर दिले होते?

प्रतिपादक : पहिल्या गोष्टीला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि प्रामाणिक शास्त्राजवळ ते कोणत्याही काळी नव्हते. दुसरीला उत्तर असले पाहिजे, पण ते प्रतिकारशास्त्रज्ञ एकटा देऊ शकणार नाही. आणि तो करार लिहून होईपर्यंत नमुने गोळा करणे तहकूब ठेवावे की चालू ठेवावे, याविषयी आपले आणि माझे एकमत होईल असे मला वाटत नाही.

शंकाकार : होणार नाही. मी तहकूब ठेवा म्हणेन.

प्रतिपादक : आणि मी, तारीख तरी आजपासून लिहा, म्हणेन.